मागची चार चाकं

तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं की आजी आणि धाकटे आजोबा टायरवरून भांडले, आणि तुम्ही दोघंही फोनवर हसलात. हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. कॅनडात बर्फ पडतो, तिकडे हिवाळ्याचे टायर वेगळे असतात आणि ते वेळेवर बदलावे लागतात, हे मला माहीत आहे. नांदेडला बर्फ पडत नाही. मग हिवाळ्यात ट्रकला कोणते टायर घालायचे, यावरून सत्तरी ओलांडलेल्या बाईने सख्ख्या दिराशी बोलणं का टाकावं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. तुमच्या बाबांनी "आईचा स्वभाव" एवढं सांगून तो निकालात काढला. त्या उत्तराला मी अर्धेच गुण देते. बाकीचं उत्तर इथे लिहिते आहे, घडलं त्या क्रमाने.

आमच्याकडे बर्फाचं काम काळी माती करते. हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. जळकोटकडच्या शेतांतून ऊस भरलेले ट्रॅक्टर आणि ट्रक ओल्या रानातून वर सडकेवर चढतात आणि चाकांना चिकटलेली माती डांबरावर सोडत जातात. दुपारी तिची धूळ होते. पहाटे दव पडलं, धुकं उतरलं किंवा डिसेंबरात अवेळी पाऊस शिंपडून गेला, की तीच माती डांबरावर साबणासारखी पसरते. तिच्यावरून माणूस चालत गेला तरी पडतो. भरलेला ट्रक उतारावरून येताना ब्रेक लावला तर पुढचा भाग थांबायला बघतो आणि मागचा भाग पुढे जायला बघतो.

असा एक उतार आमच्या गाडीच्या रोजच्या रस्त्यावर आहे. खाली वळण, वळणावर ओढ्याचा अरुंद पूल, पुलाला गुडघ्याएवढा कठडा.

गाडी तुमच्या आजोबांची. त्यांनी ती हौसेने घेतली आणि कागद माझ्या नावावर केले. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि मला त्या गाडीत काडीचाही रस नव्हता. सहा चाकांचा साधा ट्रक, पुढे दोन आणि मागे दोन्ही बाजूंना जोडीजोडीने चार. आजोबा गेल्यावर ती लोह्याला माझ्या दिरांच्या शेडमध्ये उभी राहू लागली. दिरांची स्वतःची तशीच एक गाडी तिथे होतीच. हंगाम दोन्ही गाड्यांचा, कारभार त्यांचा, सही माझी. मी महिन्यातून एकदा लोह्याला जायची, चहा प्यायची, कागदांवर सही करायची आणि संध्याकाळच्या आत नांदेडला परत यायची. इतकी वर्षं मी हे असंच चालू दिलं, हे मी कबूल करते.

आमच्या गाडीवर ड्रायव्हर एकच, आजोबांच्या काळापासूनचा. तुम्ही लहानपणी आलात तेव्हा त्यानेच तुम्हाला केबिनमध्ये बसवून हॉर्न वाजवू दिला होता. तुम्हाला आठवत असेल, नसेल.

त्याची बायको गेल्या वर्षी गणपती उठल्यावर माझ्याकडे आली. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. नांदेडमध्ये ज्यांना अर्ज भरायचा असतो ते सगळे माझ्याकडे येतात आणि मला बाई म्हणतात, तशीच तीही म्हणते. अर्ज भरून झाला तरी ती उठेना.

"बाई, एक बोलू का? त्यांना सांगू नका."

"बोला."

"मागल्या हिवाळ्यात त्या उतारावर गाडी फिरली व्हती. मागचं चाक पुलाच्या कठड्याला टेकलं तवा थांबली. घरी आले अन् जेवलेच न्हाईत. इचारलं तर म्हणले, पोट दुखून राहिलंय. मला तर दुसऱ्या गाडीवाल्याच्या बायकोनं सांगितलं."

"मालकांना माहीत आहे?" मी विचारलं. माझ्या दिरांना ते मालक म्हणतात.

"हाव. मालक म्हणले, थांबली ना, मग कामून रडून राहिला." तिने पदर सारखा केला. "यंदा बी तेच टायर हायत, बाई. पार गुळगुळीत. मला त्यातलं काई कळत न्हाई. पण हे रोज त्याच उतारावरून येनार. गाडी तुमच्या नावावर हाय म्हनून तुम्हाला सांगितलं."

माझ्या नावावर आहे म्हणून. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या तपासल्या आणि माझ्या नावाची गाडी कशावर चालते ते मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी लोह्याला गेले. पर्समध्ये सहा इंची पट्टी होती. शेडमध्ये ड्रायव्हर गाडी धूत होता. मी एकेका टायरच्या खाचेत पट्टी उभी घातली आणि वहीत आकडा लिहिला.

"बाई, पेपर तपासून राहिल्या का?" तो हसला.

"हो. पुढचे दोन पास आहेत. मागचे चारही नापास."

"मागचे कोन बघतंय, बाई. स्टेअरिंग पुढं असतं."

"आणि वजन कुठे असतं?"

तो पाण्याचा पाइप उचलून दुसऱ्या बाजूला गेला.

दिरांना मी तिथेच सांगितलं की मागे चार नवे टायर घालायचे. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नाही, सोमवारी नांदेडला टायरच्या दुकानात या. ते आले, कारण मी एकटी जाऊन काहीतरी भलतंच घेऊन येईन याची त्यांना खात्री होती.

दुकानदाराने खुर्ची त्यांना दिली आणि मला स्टूल. पुढचा अर्धा तास तो माझ्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडे बघून देत होता. मी विचारलं, मातीच्या रस्त्याला मागे कोणती नक्षी चालते. त्याने दिरांना सांगितलं, "सरळ रेघांचा घ्या मालक, डांबरावर लई दिवस टिकतो." मी म्हटलं, सरळ रेघांचा पुढे ठीक आहे, गाडी वळवायला, तो आमच्याकडे आहेच. मागे मला आडव्या जाड खाचांचा पाहिजे, चिखल दाबून बाहेर टाकणारा. खाचा उथळ असल्या की मातीने भरतात आणि मग टायर काय आणि लाटणं काय. मी आदल्या दोन दिवसांत तीन मेकॅनिकांना विचारून, तिघांची उत्तरं पडताळून आले होते. दुकानदाराने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"बाई, उसाच्या गाडीला मागे सगळे जुन्यावर नवं रबर चढवलेलेच टायर घालतात. कारखान्याच्या रांगेत जाऊन बघा."

"रांगेत गाड्या उभ्या असतात. मला उतरताना लागणारेत."

दीर हसले. "वहिनी, ऊस काय नवरी हाय का, नव्या टायरवर बसून सासरी जायला?"

दुकानात टायरांच्या ढिगावर बसलेले दोघं फिदीफिदी हसले. दिरांना तेवढंच पाहिजे होतं. ते पुढे म्हणाले, "तुमच्या इंग्रजीच्या पुस्तकात टायरचा धडा व्हता वाटतं."

"नव्हता, म्हणून विचारून आले. तुम्हाला पाठ असेल तर सांगा ना भाऊजी, ओल्या मातीला खाच किती खोल लागते?"

त्यांनी दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदाराने मोबाइलमध्ये पाहिलं.

मी चार नवे टायर घेतले, एकाच जातीचे, आडव्या खाचांचे. माझ्या पेन्शनमधून घेतले, तेव्हा त्यात कोणाला बोलायला जागा नव्हती. चारही टायरांचे नंबर पावतीवर लिहून घेतले. दीर बाहेर येऊन पानाच्या टपरीवर उभे राहिले आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात टपरीवाल्याला म्हणाले, "आमच्या घरात आता टायर बी बाया निवडतात." टपरीवाला बिचारा काय बोलणार, त्याने चुना लावला.

टायर लोह्याला गेले आणि माझ्या डोळ्यांदेखत आमच्या गाडीला चढले. हे दसऱ्याच्या चार दिवस आधी. मी निश्चिंत झाले. इथपर्यंत मी काही चुकले नाही. माझी चूक पुढे आहे.

दसऱ्याला दिरांच्या शेडमध्ये दोन्ही गाड्यांची पूजा असते. गाड्या धुऊन पुसून शेजारीशेजारी उभ्या करतात, झेंडूच्या माळा बांधतात, चाकांवर हळदीकुंकवाची बोटं ओढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. बोटं जाऊबाई ओढतात. तुमचे आजोबा असेपर्यंत मी ओढायची. ते गेल्यापासून मी दोन हात मागे, शेडच्या दाराशी उभी राहते. मला कोणी तसं सांगितलेलं नाही. पहिल्या वर्षी जाऊबाईंनी ताट माझ्या हातातून हळूच काढून घेतलं, एवढंच झालं, आणि मी ते जाऊ दिलं. वर्गात मुलींना मी काय काय शिकवायची ते आता इथे लिहीत नाही. सणाच्या दिवशी वाद नको, असं स्वतःला सांगून मी विधवेच्या जागेवर उभी राहिले. त्या जागेवरून गाड्यांची बाहेरची चाकं दिसतात. काळी, नवी, तेल लावून चमकवलेली, वर झेंडू. बाहेरच्या चाकाआड जोडीतलं आतलं चाक असतं. ते दिसायला जवळ जाऊन वाकावं लागतं.

मी जवळ गेले नाही. लांबून नमस्कार केला. दिरांनी त्या दिवशी मला स्वतःच्या हाताने पेढा दिला. एरवी देत नाहीत. त्यांच्या गाडीची चाकंही छान दिसत होती, हे मी पाहिलं आणि मनात म्हटलं, चला, यांनीही काहीतरी घेतलं, आपलं बघून शिकले. असं मला वाटलं. माझ्या वयाच्या बाईला असं वाटणं हे मूर्खपणाचं आहे.

डिसेंबरात दोन दिवस ढग होते. तिसऱ्या दिवशी पहाटे पाऊस शिंपडून गेला आणि सकाळी धुकं. नऊच्या सुमारास ड्रायव्हरच्या बायकोचा फोन आला.

"बाई, परत फिरली. त्याच जाग्यावर."

"ते कसे आहेत?"

"बोलून राहिलेत. पन आवाज वेगळाच हाय."

मी रिक्षाने बसस्टँडवर, बसने लोह्याला आणि तिथून जीपने उतारावर गेले. जाताना डोक्यात एकच विचार, चार नवे टायर घालूनही घसरली, म्हणजे मी चुकीचे निवडले. दुकानदाराचं ऐकायला हवं होतं. तीन मेकॅनिकांना विचारलं, चौथ्याला विचारायला हवं होतं.

गाडी उतारावर आडवी उभी होती. तोंड डोंगराकडे, मागची बाजू ओढ्याकडे, आणि मागची डावी चाकं डांबर सोडून कडेच्या मुरमात रुतलेली. ओढा तिथून फार तर दोन पावलं. चाकांना दगड लावले होते. मागेपुढे ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि रांगेतली माणसं शिव्या देत होती. ड्रायव्हर दगडावर बसला होता. त्याच्या हातात बिडी होती, पेटवलेली नव्हती.

मी गाडीजवळ गेले. बाहेरचा टायर माझाच, खाचा अजून ताज्या. मग मी जीपवाल्याकडून पोतं मागून घेतलं, खाली अंथरलं, आणि गुडघ्यांवर टेकून, मग कुशीवर होऊन आत पाहिलं. आतल्या चाकावर नक्षीच नव्हती. हात फिरवला. टायर गुळगुळीत, तुमच्या बाबांच्या लहानपणीच्या रबरी चेंडूसारखा. दुसऱ्या बाजूलाही तेच. माझ्यामागे रांगेतला कोणीतरी म्हणाला, "म्हातारीचं काय हरवलं?"

उठले तेव्हा साडीला चिखल होता. ड्रायव्हरसमोर जाऊन उभी राहिले.

"माझे दोन टायर कुठे आहेत?"

त्याने मान वर केली नाही. "मालकांच्या गाडीला."

"कधी काढले?"

"दसऱ्याच्या आदल्या दिशी. दोन्ही गाड्यांना भायेरून नवे दिसले पाह्यजेत, म्हणले. पूजेला शोभतंय."

"काढले कोणी?"

"मीच काढले, बाई."

"तुम्हीच. आणि मला सांगितलं नाही."

आता त्याने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत रागच होता आणि तो माझ्यावर होता. "तुम्ही महिन्यातून एकदा येता, बाई. मालक रोज येतात."

मी पोतं गुंडाळून जीपवाल्याला परत दिलं.

तेवढ्यात दीर मोटरसायकलवरून आले. मला तिथे बघून त्यांचा चेहरा आंबला. साडीचा चिखल बघून त्यांना कळायचं ते कळलं.

"वहिनी, तुम्ही कामून आलात? मी बघून घेतो."

"काय बघून घेता? आत काय घातलंय ते?"

"घरातलेच टायर घरातल्याच गाडीला लावले. चोरी केली का?"

"जोडीत एक नवा आणि एक झिजलेला घातला की काय होतं, माहीत आहे? नवा उंच राहतो. सगळं वजन त्याच्यावर. जुना नुसता हवेत फिरतो. चार टायरांचं काम दोन टायर करतात. तुम्ही एक गाडी वाचवायची सोडून दोन गाड्या बिघडवल्यात."

"थांबली ना गाडी," ते म्हणाले. "कोनी मेलं का?"

त्यांच्या तोंडून मी ते वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं, ड्रायव्हर तीन हातांवर बसलेला असताना. त्यानंतर मी त्यांच्याशी एकच वाक्य बोलले. ते असं: "गाडीची किल्ली द्या."

ते हसले. ऊस वाळतोय म्हणाले, कारखाना काय तुमची शाळा आहे का म्हणाले, भावाने गाडी बायकोच्या नावावर केली तिथेच चुकलं म्हणाले. रांगेतल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले. मी हात पुढे करून उभी राहिले. किल्ली ड्रायव्हरच्या खिशात होती. त्याने एकदा मालकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली, जरा आपटूनच ठेवली. ऊस दुसऱ्या ट्रॅक्टरांवर उतरवला, रिकामी गाडी ट्रॅक्टरने वर सपाटीवर ओढून नेली, आणि मी ती लोह्याच्या पंक्चरवाल्याच्या मोकळ्या जागेत उभी करून घेतली. दिरांच्या शेडमध्ये नाही.

घरी येऊन अंघोळ केली आणि पावती काढली. ठरवलं की दोन टायर परत घ्यायचे. नंबर माझ्याकडे, कागद माझ्या नावावर. वकिलाला फोनही केला. वकील माझा विद्यार्थी. त्याने सांगितलं, "बाई, सोपं आहे. एक नोटीस गेली की आणून देतील." मी नोटिशीचा मसुदा मराठीत आणि इंग्रजीत स्वतःच लिहून काढला. मला तो लिहिताना बरं वाटत होतं, हे लपवत नाही.

चौथ्या दिवशी ड्रायव्हरची बायको आली. या वेळी ती आत आली नाही. फाटकाशीच उभी राहिली.

"बाई, तुम्ही गाडी बंद केली."

"केली. त्या टायरांवर ते परत जाणार नाहीत."

"तुमच्या गाडीवर न्हाई जात. मालकांच्या गाडीवर जाऊन राहिलेत. तिचा ड्रायव्हर त्या दिशी उतारावर सगळं बघून गावाकडं निघून गेला. मालकांनी यांना बसवलं. हंगामात घरी बसून कसं चालंल?" ती थांबली. "त्या गाडीला आत काय हाय, बाई?"

आत काय आहे ते मला न बघताही माहीत होतं. बाहेर माझे दोन नवे, आत त्यांचे दोन गुळगुळीत. तीच गाडी, तोच उतार, तोच माणूस. मी गाडी बंद केली आणि त्याला बिघाडासकट दुसऱ्या गाडीत बसवून दिलं. आणि आता मी नोटीस पाठवून तिथले बाहेरचे दोन चांगले टायरही काढून घेणार होते. माझं काहीच चुकणार नव्हतं. सगळं कायद्याने, क्रमाने, पावतीसकट झालं असतं, आणि तो चारही गुळगुळीत टायरांवर त्या पुलाकडे उतरला असता.

"तुम्ही त्यांना सांगा," मी म्हटलं, "उद्या सकाळी गाडी भरायला जाण्याआधी पंक्चरवाल्याकडे रिकामी उभी करायची. अर्धा तास. मालकांना काय सांगायचं ते त्यांचं त्यांनी बघावं."

नोटीस मी फाडली नाही. ड्रॉवरमध्ये ठेवली. मी काही संत नाही.

सकाळी मी आधीच जाऊन बसले होते. पंक्चरवाल्याने माझ्या सांगण्यावरून आमच्या गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलला, बाहेरची दोन चाकं काढली आणि खाली विटा रचल्या. तुमच्या आजोबांची गाडी मागच्या बाहेरच्या चाकांशिवाय विटांवर टेकलेली मी पहिल्यांदाच पाहिली. फार वेळ पाहिली नाही. दिरांची गाडी आली, मागोमाग मोटरसायकलवर दीरही आले. ड्रायव्हरने त्यांना सांगितलं असणार. मी पंक्चरवाल्याला म्हटलं, या गाडीच्या आतल्या दोन चाकांचे टायर काढा आणि हे दोन घाला. आमच्या आणि त्यांच्या गाडीचं माप एकच आहे. दुकानातून घेतलेले चार टायर आता एका गाडीला लागणार होते.

दिरांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते मोटरसायकलवर बसल्या बसल्या हसले.

"शेवटी आमच्याच गाडीला लागले ना, वहिनी. आधीच दिले असते तर चार दिवस वाचले असते."

ते पंक्चरवाल्याला म्हणाले, "शाळेतल्या माणसाला उशिरा कळतंय, पन कळतंय." पंक्चरवाला खाली मान घालून नट फिरवत राहिला. त्या दिवशी दिरांच्या तोंडावर समाधान होतं, आणि ते त्यांना मिळावं याचा मला राग आला. तो राग मी पर्समध्ये हात घालून, पर्स घट्ट धरून ठेवला. आतली दोन्ही चाकं घट्ट होईपर्यंत मी पोत्यावर बसून पाहत होते. दिरांनी मध्येच घड्याळ दाखवलं. मी बाहेरचं चाक चढण्याआधी आतल्या टायरच्या खाचांतून बोट फिरवलं, एका बाजूच्या, मग दुसऱ्या बाजूच्या, आणि मगच हात वर करून बाहेरचं लावायला सांगितलं.

ड्रायव्हरने हवा तपासायला सळई घेऊन चारही टायर ठोकून पाहिले. चारींचा आवाज सारखा आला. तो केबिनमध्ये चढला, दार लावलं, मग काच खाली केली.

"बाई, तुमची गाडी?"

"राहू द्या."

त्याला आणखी काही बोलायचं होतं असं वाटलं, पण मालक पुढे उभे होते. त्याने गाडी सुरू केली आणि जळकोटच्या दिशेने नेली. दीर माझ्यासमोरून गेले. मी तोंड फिरवलं. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. यंदाच्या दसऱ्याला मी लोह्याला गेले नाही. दिवाळीला त्यांचा माणूस फराळाचा डबा घेऊन आला, तो मी फाटकावरूनच परत केला. तुमचे बाबा म्हणतात, मोठ्या मनाने विसरून जा. मी विसरणार नाही, आणि तुम्हीही माझ्या वतीने कोणाला माफ करू नका.

टायर बदलले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला माझा फोन वाजला. ड्रायव्हरची बायको होती.

"भरून उतरले, बाई. धुकं व्हतं तरी उतरले."

"बरं झालं."

"आता मला तुमच्याकडं येता येनार न्हाई. मालकांना आवडत न्हाई."

मी म्हटलं, "नका येऊ." आणि मुलीच्या शिष्यवृत्तीचं काय झालं ते विचारलं. ती म्हणाली, अजून काही कळलं नाही.